मातीतले जिवाणू आणि युरेनियम

पडद्यावर दिसणारी ही माती तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागेतील आहे. बोर्डो मिश्रणाच्या वर्षानुवर्षांच्या फवारणीमुळे तिच्यात मोरचुदातील तांबे मुरले आहे, म्हणून सांगलीतील सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी धातूंच्या ताणाचा अभ्यास तिच्यातील जिवाणूंपासून सुरू केला. युरेनियम हाताळण्याचे नियम कडक असल्याने ते येथे वापरलेले नाही. मात्र अशा ताणाखाली पेशीतील प्रथिने कशी बदलतात, हे पाहण्याची ही पायाभूत रीत आहे.

पेशी फोडून काढलेली प्रथिने जेलच्या, म्हणजे त्यांना आकारानुसार वेगळे करणाऱ्या लिबलिबीत थराच्या, खाचांमध्ये भरली आहेत. वीजप्रवाह सुरू होताच निळ्या रंगद्रव्याची रेघ खाली सरकू लागते. तिच्यामागे लहान प्रथिने पुढे निघतात, मोठी वरच रेंगाळतात. त्यानंतर प्रथिनांना चिकटणाऱ्या कूमासी रंगात बुडवलेले जेल आधी सगळेच निळे होते आणि मिथेनॉल व अ‍ॅसिटिक आम्लाच्या द्रावणात रंग उतरल्यावरच पट्टे उमटतात. घाई करणाऱ्याला येथे काहीच दिसत नाही. डाव्या रांगेतील जिवाणूंना मोरचूद दिलेले नाही, उजवीकडच्यांना दिले आहे. जाड झालेला पट्टा कापून, ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने त्यातील प्रथिनाचे तुकडे करून वस्तुमान वर्णपटमापकावर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, तपासला की प्रथिनाची ओळख पटते. जनुके पाहून जिवाणू काय करू शकतो एवढेच समजते. त्याने प्रत्यक्षात काय केले, हे प्रथिने सांगतात, आणि आपल्याकडील अभ्यासक्रमात नेमका हाच भाग दोन तासिकांत उरकला जातो.

युरेनियमबाबत असे काम चेर्नोबिलच्या मातीतील एका मायक्रोबॅक्टेरियमवर झाले आहे. 1986 च्या अपघातानंतर किरणोत्सारी कचरा जेथे पुरला, त्या चरातून हा जिवाणू मिळाला. युरेनिल आयन, म्हणजे युरेनियमचे पाण्यात विरघळलेले रूप, मिळताच त्याच्या फॉस्फेट आणि लोह यांच्या चयापचयाशी निगडित प्रथिनांचे प्रमाण बदलले. युरेनिल फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे पेशीची फॉस्फेटची व्यवस्था विस्कळीत होणे स्वाभाविकच आहे. यूआयपीए हे पेशीपटलावरील प्रथिनही वाढले आणि ते युरेनियमला थेट चिकटते, असे पुढे आढळले.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात फॉस्फेट सुटे करणाऱ्या विकराचे जनुक किरणोत्सर्ग सोसणाऱ्या डायनोकॉकस जिवाणूत बसवून द्रावणातील युरेनियमचा साका पाडण्यात आला. साका झाला तरी युरेनियम नाहीसे होत नाही, फक्त पाण्यातून वेगळे होते. पाण्यात किती उरले हे पाहावेच लागते, कारण पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे 30 मायक्रोग्रॅम आहे.