पान कोणतं पिवळं?

(दृश्य: अंधारी खोली. टायमरचा आवाज, दिवे लागतात. पांढऱ्या पाइपांवर लेट्यूसच्या रांगा.)

पहाटेचे ६ वाजलेत. नागपुरात, मानेवाड्यातल्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरची ही खोली. पूर्वी इथे जादाच्या गाद्या असायच्या, आणि उन्हाळा सरला की कूलरच्या वाळ्याच्या ताट्या. आता पाइपांना भोकं आहेत, भोकांत जाळीचे कप, कपांत लेट्यूस, पालक, बेसिल. कोपऱ्यात दोन बादल्यांत चेरी टोमॅटो. खाली ८० लिटरची टाकी. पंप पाणी वर चढवतो, मुळांवरून वाहत ते परत टाकीत येतं. माती कुठेच नाही, हे हायड्रोपोनिक्स. झाडाला जे खायचं ते याच पाण्यातून.

(दृश्य: एका पानावर कॅमेरा स्थिर. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा.)

या अशाच एका पानाने मागच्या फेब्रुवारीत मला तीन आठवडे रडवलं. पिवळं दिसलं म्हणून वाटलं, झाड उपाशी आहे. टाकीत आणखी खत घातलं. चार दिवसांत पिवळेपणा वाढला. पुन्हा घातलं. मग खालच्या पानांच्या कडाही करपायला लागल्या. शेवटी काटोलला बाबांना फोन केला. त्यांची संत्र्याची बाग आहे.

"बाबा, पान पिवळं होऊन राहिलं."

"कोणतं?"

"म्हणजे?"

"खालचं का शेंड्याचं? ते पाय आधी. मग मले सांग."

शेंड्याचं होतं. आणि त्या एका उत्तराने अर्ध्याहून जास्त शक्यता बाद झाल्या.

(दृश्य: काटोलची बाग. हात संत्र्याची फांदी वाकवून पानं दाखवतो.)

झाडाच्या अंगात काही अन्नद्रव्यं फिरती असतात. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम. यांतलं काही कमी पडलं की झाड जुन्या पानातून ते काढून नव्या पालवीला देतं. घरात धान्य कमी असलं की आई आधी लेकरांना वाढते, तसंच. म्हणून ही तूट आधी खालच्या पानांवर दिसते. लोह, कॅल्शियम, बोरॉन यांचं तसं नाही. एकदा पानात बसले की ते सहसा हलत नाहीत. मुळांकडून ताजा पुरवठा थांबला की चटका सरळ शेंड्याला बसतो.

बाबांना हे कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही संत्र्याला मिळत नाही. नवी पानं बारीक राहतात, शिरांमधली जागा पिवळी पडते. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत पानांतल्या अन्नद्रव्यांवर वर्षानुवर्षं काम झालंय, पण बागाइतदार ती पानं त्याच्याही आधीपासून बघत आलाय. भुईमुगावर किंवा उसावर असं पान आलं की शेतकरी म्हणतो, केवडा पडला. विदर्भातल्या कापूसवाल्याला लाल्या माहीत आहे. पात्या-बोंडं लागली की कपाशीचं पान लाल पडतं, आणि त्यामागे बऱ्याचदा मॅग्नेशियमची आणि नत्राची ओढ असते. या खोलीतले दिवे नवे आहेत, पाइप नवे आहेत. पान वाचायची विद्या मात्र आपल्या शेतातलीच आहे.

(दृश्य: टाकी. हातात सामू मोजायचं यंत्र. आकडा वर सरकतो: ७.६.)

आता माझ्या केवड्याचं काय झालं ते सांगते. टाकीत लोह होतं, भरपूर होतं. पण पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ७.६ वर गेला होता. या पद्धतीत सामू साधारण ५.५ ते ६.५ मध्ये हवा. त्याच्या वर गेलं की लोह पाण्यात विरघळलेलं राहत नाही, गंजासारखं खाली बसतं. चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह, घेतलं तरी कोणतं, ते बघावं लागतं. ईडीटीए प्रकारचं लोह ६.५ च्या पुढे साथ सोडायला लागतं. डीटीपीए थोडं पुढपर्यंत टिकतं. ईडीडीएचए प्रकारचं चुनखडीच्या पाण्यातही टिकतं, आणि त्याने टाकीतलं पाणी लालसर होतं, त्याला घाबरू नये.

सामू चढला कशाने? आमचं बोअरचं पाणी. बादलीला पांढरा थर धरतो, गिझरची कॉइल खातो, तेच पाणी. त्यातलं बायकार्बोनेट सामू सारखा वर ढकलत राहतं. शिवाय झाड नायट्रेटच्या रूपातलं नत्र खातं तेव्हा मुळांभोवतीचा सामू आपोआप चढतो. म्हणजे झाड जितकं जोमात, तितकं रोज तपासायला हवं. मी तीन आठवडे तपासलंच नव्हतं. यंत्र कपाटात होतं. वर ओतलेल्या जादा खताने पाण्यातले क्षार वाढले आणि कडा करपल्या, ती दुसरी जखम माझ्या हाताने झाली.

त्यानंतर मी टाकी रिकामी केली. निम्मं बोअरचं, निम्मं आरओचं पाणी भरलं. हातमोजे घालून, पातळ केलेलं फॉस्फोरिक ॲसिड थेंबाथेंबाने पाण्यात सोडत सामू ६ वर आणला. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी झाली नाहीत, आणि त्यांची वाट बघूही नये. बघायचं ते नवं पान. सहाव्या दिवशी शेंड्यातून जे आलं ते हिरवं होतं.

(दृश्य: वही. तारीख, सामू, ईसी, पाण्याचं तापमान असे रकाने.)

तेव्हापासून ही वही आहे. सामूच्या शेजारी ईसी, म्हणजे पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज. लेट्यूसला साधारण १.२ ते १.८ (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर) पुरतो, टोमॅटोला २ च्या वर लागतो. त्यामुळे दोघांना एकाच टाकीवर ठेवलं की कुणीतरी एक नाराज असतंच. माझ्या बादल्या म्हणून वेगळ्या. ईसीचा एक दिवसाचा आकडा फार काही सांगत नाही, त्याची चाल सांगते. टाकीतलं पाणी उतरतंय आणि ईसी चढतोय, तर झाड पाणी पितंय पण जेवण टाकतंय, खत पातळ करा. ईसी उतरतोय, तर ते खातंय. काही जण टीडीएस मीटरवरचे पीपीएम विचारतात. ईसी २ असेल तर एक मीटर १००० दाखवेल, दुसरं १४००, कारण ईसीवरून पीपीएम काढायचे गुणक वेगळे. दुसऱ्याचा पीपीएमचा आकडा उचलून आपल्या टाकीला लावू नका.

खालच्या पानांचं थोडक्यात सांगते. सगळं पान सारखं फिकट होऊन पिवळं पडलं तर बहुधा नत्र. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा तर मॅग्नेशियम, कारण हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी त्याचाच अणू असतो. कडेने करपत आत आलं तर पालाश. गर्द, जांभळट झाक असेल तर स्फुरद, पण थंडीनेही तशी झाक येते. आणि दिवा फार जवळ असला की वरचं पान शिरांसकट पांढरट पडतं, त्याला खताची गरजच नाही, दिवा वर उचला.

(दृश्य: मे महिना. रस्त्यावर ऊन. खिडकीला कूलर घरघरतोय.)

मे. बाहेर ४५ अंश. खोलीत झाडं माना टाकायला लागली म्हणून मी कूलर लावला आणि खिडक्या बंद केल्या. गारवा आला. आठवड्याभरात लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या. ही कॅल्शियमची खूण. टाकीत कॅल्शियम मोजून घातलेलं होतं, सामू ६ होता, लोह नीट होतं.

यावर मी बराच वेळ अडकले. उत्तर टाकीत नव्हतंच. कॅल्शियम झाडात स्वतःहून चढत नाही, पान जे पाणी हवेत सोडतं त्या ओढीबरोबर ते वर येतं. कूलरने बंद खोलीतली हवा दमट करून टाकली होती. हवाच ओली असेल तर पान पाणी सोडणार कुठे? त्यातून आतली मिटलेली पानं तर वाऱ्यालाही लागत नव्हती. मी समोरची खिडकी उघडली, दमट हवेला वाट दिली, आणि एक छोटा पंखा थेट झाडांवरून फिरता ठेवला. नवी पानं सरळ आली. टोमॅटोच्या बुडाला काळा डाग पडतो त्यामागेही बरेचदा हीच गोष्ट असते, कॅल्शियम असतं, पोहोचत नाही.

नागपुरात हे सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण इथे कूलर नसलेलं घर सापडणं कठीण.

(दृश्य: टाकीभोवती ओलं पोतं. थर्मामीटर.)

त्याच महिन्यात टाकीतलं पाणी ३० अंशांवर गेलं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. आणि गरम पाण्यात मुळांना तो जास्त लागतो. मुळं गुदमरली की कुजवणारी बुरशी लागते, आणि वर पान पिवळं पडतं, अगदी नत्र कमी असल्यासारखं. खत घालून बघा, काही होणार नाही, कारण खाणारं तोंडच बंद आहे. मी टाकी भिंतीकडच्या सावलीत हलवली, माठाला गुंडाळतो तसं ओलं पोतं गुंडाळलं, दुपारी बर्फाच्या बाटल्या सोडल्या, पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे एअर स्टोन एकाचे दोन केले.

(दृश्य: बाबा खोलीत येतात. चप्पल दाराशी काढतात.)

जूनमध्ये, मृगाच्या आधी, बाबा नागपूरला आले. या खोलीत ते पहिल्यांदाच आले होते. मला वाटलं, येताच पानं बघतील. त्यांनी एक कप अलगद उचलला आणि उलटा करून मुळं उजेडात धरली. पांढरी, लांब, पाणी गळणारी.

"आमच्या बागेत हे पाहाले झाड खोदा लागते," ते म्हणाले. "तुले रोज दिसते. मग तू पानंच काहून पाहत बसतं?"

कप त्यांनी हळूच जागेवर ठेवला, मुळं वाकणार नाहीत असा. मग दुसरा उचलला.

(दृश्य: बाबांचे हात, मुळांवरून ठिबकणारं पाणी. पंपाचा आवाज. वहीत नवा रकाना: मुळांचा रंग.)