गायक मधोमध का बसत नाही?

रसिकहो, रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत अनेक घरांत आज उत्तम स्पीकर आले आहेत. तरीही गाणे लावले की गायक मधोमध न येता एका अंगाला सरकलेला ऐकू येतो, आणि आपला हात लगेच बॅलन्सच्या, म्हणजे डाव्या-उजव्या आवाजाचे प्रमाण बदलणाऱ्या, बटणाकडे जातो. माझे म्हणणे एवढेच की, दोष कुठे आहे हे कळेपर्यंत त्या बटणाला हात लावू नये.

दोन स्पीकरांच्या मधल्या जागेत प्रत्यक्षात काहीच नसते. दोन्हींकडून तोच ध्वनी एकाच वेळी आणि सारख्याच जोराने आला, तर कान तो मधून आल्याचे मानतात. ॲलन ब्लमलाइन या ब्रिटिश अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तेव्हापासून हे सारे तंत्र श्रवणाच्या याच स्वभावावर उभे आहे. म्हणूनच तपासणीसाठी मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून तोच ध्वनी देणारे, ध्वनिमुद्रण घ्यावे. स्टिरिओ मुद्रणात गायकाला मुळातच बाजूला बसवलेले असू शकते. मग आपण उगाच भिंतींना दोष देत बसतो.

आता अदलाबदल करावी. समजा, आवाज डावीकडे झुकतो आहे. प्लेअरकडून अँप्लिफायरच्या मागे येणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी उलट लावाव्यात. झुकाव उजवीकडे गेला, तर दोष प्लेअरमध्ये किंवा त्या वायरींत आहे. नाही गेला, तर अँप्लिफायर बंद करून स्पीकरच्या वायरी त्याच्याकडच्या टोकाला बदलाव्यात; झुकाव हलला तर दोष अँप्लिफायरचा. त्यानेही फरक पडला नाही तर स्पीकरांच्याच जागा बदलाव्यात; तेव्हा झुकाव हलला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्यांवर गंज चढतो, त्यामुळे पुष्कळदा दोष पहिल्या दोन पायऱ्यांतच सापडतो. झुकाव फक्त हळू आवाजातच जाणवत असेल, तर व्हॉल्यूमच्या बटणावर संशय घ्यावा. त्यातल्या डाव्या-उजव्या बाजूंच्या दोन पट्ट्या अगदी खालच्या टोकाला क्वचितच सारख्या चालतात.

इतके करूनही गायक डावीकडेच राहिला, तर स्पीकरांकडे पाठ करून बसावे. आवाज त्याच स्पीकरकडे राहिला तर दोष खोलीचा किंवा बैठकीचा. आवाज आधीच्याच कानाकडे राहिला तर मात्र कानाच्या डॉक्टरांकडे जावे.

बैठकीचा हिशेब सोपा आहे. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३५ सेंटिमीटर जातो. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण असेल, तर श्रोता जितका बाजूला सरकेल, साधारण तितकाच फरक दोन अंतरांत पडतो. म्हणजे वीतभर सरकले तरी अर्ध्या मिलिसेकंदाहून अधिक, आणि एवढ्यावर गायक जवळच्या स्पीकरकडे बराच ओढला जातो. यासाठी मोजायची टेप लावून दोन्ही अंतरे मोजावीत, अंदाजावर जाऊ नये.

आता खोलीकडे येऊ, कारण आपल्याकडच्या घरांचा खरा गुंता इथेच आहे. कल्पना करा की ओटीच्या एका अंगाला जांभ्याची गिलावा केलेली भिंत आहे आणि दुसरे अंग पडवीला मोकळे आहे. भिंतीकडच्या स्पीकरचा आवाज तिच्यावर आपटून पुन्हा श्रोत्याकडे येतो, तर मोकळ्या बाजूचा बाहेर निघून जातो. भिंतीजवळच्या स्पीकरचा खर्जही फुगतो. परिणामी सगळे गाणे भिंतीकडे कलते. आपण जागेवर बसावे आणि दुसऱ्या कोणी भिंतीवरून आरसा सरकवत न्यावा. आरशात जिथे भिंतीकडचा स्पीकर दिसेल, तिथे जाड गोधडी भिंतीपासून चार बोटे सोडून टांगावी. पातळ पडद्याने केवळ वरचे सूर मंदावतात, म्हणून त्यावर विसंबू नये. गोधडीने खर्ज आवरत नाही. त्यासाठी स्पीकर भिंतीपासून दूर घ्यावा आणि दुसराही तितकाच सरकवून त्रिकोण पुन्हा मोजावा. शक्य असेल तर सारी मांडणीच काटकोनात फिरवून दोन्ही अंगांना सारख्या भिंती येतील असे पाहावे. घरच्यांची थोडी बोलणी खावी लागतात, पण गुण सर्वांत जास्त येतो.

एवढ्यानंतर उरलेला बारीक झुकाव बॅलन्सने खुशाल काढावा. मात्र पावसाळ्यात पडवीला ताडपत्री लागली की मोकळी बाजूही आवाज परतवू लागते, म्हणून ही शेवटची जुळवणी तेव्हा पुन्हा करावी लागते.