हवा उघडली म्हणजे वाट उघडली नाही
(नाशिकमधील गिर्यारोहकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, सह्याद्री वाचायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पावसात हरिहरच्या पायऱ्यांवर हात कुठं टाकायचा, कोणत्या कड्याखाली थांबायचं नाही, हे नाशिकच्या पोरांना अंगवळणी पडलेलं असतं. तीच पोरं जानेवारीत उत्तराखंडात जातात. रात्रभर बर्फ पडतो, सकाळी निळंशार आभाळ, की सगळे तयार: 'चला, हवा उघडली!' माझ्या मते हिमस्खलनाच्या दृष्टीनं अख्ख्या ट्रेकमधला सगळ्यात फसवा दिवस तो.

आभाळ मोकळं झालं तरी बर्फ अजून बसलेला नसतो. दिवसभरात फूटभर पडला तरी खालच्या थरांवर एकदम ओझं येतं. त्यात वारा असला, तर धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून तो पलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन रचतो. तिथं मुक्कामाच्या जागेपेक्षा कितीतरी जाड थर असू शकतो. आणि खाली असतो हंगामाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ. वरून कडाक्याची थंडी, खालून जमिनीची ऊब, यात त्याचे कण साखरेसारखे सुटे होतात. खणून मूठभर घ्या, कितीही दाबा, गोळा वळत नाही; बोटांतून गळून जातो. असा थर आपल्या वजनानं एका जागी मोडला की भेग पळत सुटते आणि वरच्या घट्ट बर्फाची अख्खी फळी उताराला लागते. हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत ती फळी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कुणीतरी मोडलेली असते. पायाखाली 'धप्प' झालं, बर्फ किंचित खचला, तर चर्चा नको. आल्या वाटेनं मागं.

उतार 30 ते 45 अंशांचा असेल तर सावध. मोबाईलमध्ये कोन मोजता येतो, मोजा. पण नुसता पायाखालचा नव्हे, डोक्यावरचाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचा प्रशिक्षण गट हिमस्खलनात सापडला, 25हून अधिक जण गेले. त्यांच्याबरोबर प्रशिक्षक होते, हे लक्षात घ्या.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल देणारं आणि पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. गाडला गेलेला माणूस पहिल्या 10-15 मिनिटांत निघाला तरच खरी आशा. खालच्या गावातून मदत येईपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते. आणि शोधताना मोबाईल बंद करा, त्यानं सिग्नल बिघडतो.

आता खरं दुखणं. आपण आठ दिवसांची रजा काढतो, परतीचं आरक्षण आधीच झालेलं असतं, मग बर्फ बसायला दिवस द्यायचा कुठून? यंदा तिकिटं काढताना दोन दिवस जास्तीचे धरा. ते तंबूत पत्ते कुटण्यात घालवू नका. एक ट्रान्सीव्हर चालू करून पिशवीत घाला, सपाटीवर मीटरभर खोल पुरा, घड्याळ लावा आणि शोधून, खणून काढा. मग बोलू.