'राजा' जहाजावरची गोधडी

(दृश्य: गोधडीचा मधला चौकोन, अगदी जवळून)

मधोमध चार पक्षी. भोवती फुलं. ही फुलं भरलेली नाहीत, चिटाच्या कापडातून कापून पांढऱ्यावर शिवली आहेत. चीट आपल्याच देशातून विलायतेला गेलं, नावासकट. त्याभोवती तुकड्यांच्या पट्ट्यांमागून पट्ट्या. एकूण तुकडे २८१५.

५ एप्रिल १८४१. लंडनजवळच्या वूलिच बंदरातून 'राजा' जहाज निघालं, त्यात शिक्षा झालेल्या १८० बायका. बहुतेकींचा गुन्हा किरकोळ चोरीचा. त्यासाठी साडेतीन महिन्यांचा समुद्र ओलांडून व्हॅन डीमन्स लँड, म्हणजे आजचं ऑस्ट्रेलियातलं टास्मानिया बेट.

(दृश्य: सुया, लडी, कापडाचे तुकडे)

निघताना तुरुंगसुधारक एलिझाबेथ फ्राय यांच्या महिला समितीने बायकांना शिवणाचं सामान दिलं. शंभर सुया, टाचण्या, कात्री, अंगुस्तान, पांढऱ्या दोऱ्याचे गुंडे, रंगीत लडी आणि दोन पौंड कापडाचे तुकडे. त्यातूनच प्रवासात त्यांनी ही गोधडी शिवली. हलत्या जहाजावर सुईत दोरा ओवून पाहिलाय कुणी?

(दृश्य: शिवणी)

हा टाका बघा. बारीक, एका रेषेत. हात बसलेला आहे. आणि त्याच कापडावर हा दुसरा, लांब, तिरका. ही कदाचित इथेच शिकली असेल. शिवणीजवळचे हे तपकिरी डाग सुई टोचलेल्या बोटांच्या रक्ताचे असावेत, असं मानतात.

आम्ही गोधडी म्हणतो खरं, पण हिला अस्तर नाही, आत जुन्या लुगड्याची ऊब नाही. ही द्यायची होती, समितीच्या बायकांना, आभार म्हणून. तसं टाक्यांनीच लिहिलंय. जहाजाचं नाव आहे, जून १८४१ आहे. शिवणाऱ्या एकीचंही नाव नाही.

(दृश्य: कॅस्केड्सच्या दगडी भिंती)

१९ जुलैला टास्मानियातलं होबार्ट बंदर आलं. तिथे कैदी बायकांसाठी ही कॅस्केड्सची 'फीमेल फॅक्टरी' होती. दारूच्या जुन्या कारखान्यातला, डोंगराच्या सावलीतला ओलसर तुरुंग. इथे ढिगांनी कपडे धुतले गेले, आणि कितीतरी तान्ही मुलं दगावली.

गोधडी ब्रिटनला गेली, विस्मरणात गेली आणि १९८७ साली स्कॉटलंडमध्ये सापडली. आता ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. कापड नाजूक झालंय, म्हणून क्वचितच बाहेर काढतात.

आता कडेकडेने सावकाश बघत चला.

(दृश्य: गोधडीची कड, या टोकापासून त्या टोकापर्यंत. निवेदन नाही.)