दोन शेऱ्यांच्या मधली शाळा

(जत तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे एका निवृत्त शिक्षण विस्तार अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

बसा, बसा. मी निवृत्त झालोय. आता उभं राहिलात तरी मला शेरा लिहिता येत नाही.

विषय दिलाय 'तपासणीनंतर शाळेची प्रगती'. तपासणी मी दोन्ही बाजूंनी भोगली आहे. कोरेगावकडं शिक्षक होतो, तेव्हा 'उद्या साहेब येणार' असा निरोप आला की रात्रीत महिन्याच्या पाठांचं टाचण पूर्ण व्हायचं. पोरांची नखं कापली जायची. हुशार पोरं पुढच्या ओळीत, बाकीची मागं, अन् एखाद्याला तर 'उद्या नको येऊस' असंही सांगितलं जायचं. पुढं मीच साहेब झालो. मग वर्गात गेलो की पहिला प्रश्न खिडकीपाशी बसलेल्याला विचारायचो. शिक्षकाचा चेहरा पडायचा. मला त्यात मजा वाटायची, हे आज कबूल करतो.

शेरेबुकात मी काय लिहायचो? 'उपस्थिती समाधानकारक. परिसर स्वच्छ. वाचनाकडे अधिक लक्ष द्यावे.' हा शेरा तुमच्या प्रत्येकाच्या शाळेत सापडेल. अक्षर तेवढं वेगळं. आता 'अधिक लक्ष द्यावे' म्हणजे गुरुजींनी उद्या सकाळी वर्गात जाऊन नेमकं काय करायचं? ते मलाही सांगता आलं नसतं.

याच तालुक्यातली एक दुशिक्षकी शाळा. नाव सांगत नाही. वस्ती कर्नाटकच्या हद्दीला लागून. दुसरीच्या वर्गात मी चित्रकार्डं काढली. कोंबडीचं चित्र दाखवून एका मुलीला विचारलं, 'हे काय?' ती म्हणाली, 'कोळी.' परत विचारलं. परत 'कोळी.' मी शेरा लिहिला, 'मुलांना परिसरातील प्राण्यांचीही ओळख नाही.' बाईंनी मान खाली घालून सही केली. निघताना पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी पदरानं तोंड झाकून हसत होत्या. म्हटलं, काय झालं? 'सायेब, आमच्यात कोंबडीला कोळीच म्हनत्यात की!'

कानडीत कोंबडी म्हणजे कोळी. मुलीचं उत्तर बरोबर होतं. चुकला होता तपासणारा, आणि ती चूक माझ्याच सहीनिशी शेरेबुकात जाऊन बसली होती. तो शेरा मी खोडला नाही. खाली दुसरा लिहिला: 'मुलांची घरची भाषा कानडी आहे. घरचे शब्द गोळा करून त्यांच्यासमोर मराठी शब्द मांडावेत. मावशींची मदत घ्यावी.' माझ्या नोकरीतला हा पहिला शेरा, जो वाचून शिक्षकाला दुसऱ्या दिवशी काम सुरू करता आलं.

चार महिन्यांनी गेलो. भिंतीवर दोरीला कार्डं टांगलेली. एका बाजूला देवनागरीत कानडी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी. मने आणि घर, हालु आणि दूध, नीरु आणि पाणी. मावशी दुपारी भांडी घासून झाली की वर्गात येऊन बसायच्या. तीच मुलगी उठून म्हणाली, 'घरी कोळी, शाळंत कोंबडी. अन् मराठीत कोळी असतो ना, त्येला आठ पाय असत्यात.' त्या शाळेत डिजिटल फळा नव्हता. कुंपणाचा निम्मा भाग पडलेला. तरी शाळेचं बलस्थान काय असं कुणी विचारलं, तर मी त्या दोरीकडं बोट दाखवीन.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. मावशींनी ते धोरण वाचलेलं नाही.

आता कागदांबद्दल थोडं. २०१५ साली शाळासिद्धी आली, म्हणजे शाळांना जोखायची देशभरची पद्धत. सात क्षेत्रं, ४६ मानकं, प्रत्येकाला तीन स्तर. आधी शाळेनं स्वतःला जोखायचं, मग बाहेरच्यांनी. कल्पना उत्तम. पण आपण काय केलं? मुताऱ्यांना पाणी नाही आणि स्वच्छतागृहाच्या रकान्यात स्तर तीन! अहो, पहिला स्तर लिहिला तर पुढच्या वर्षी दुसरा दाखवता येतो. थेट तिसऱ्यावर बसलेल्याला प्रगती दाखवायला जागा कुठंय?

त्याच सुमारास साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडं असलेला शाळांचा गट, राज्यभर गाजत होतं. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयामागं तिथल्या ज्ञानरचनावादी, म्हणजे पोरं स्वतः करून शिकतात अशा, वर्गांचा मोठा वाटा. गाड्या भरभरून शिक्षक बघायला यायचे. परत गेल्यावर पुष्कळांनी आधी काय केलं, तर तिथल्यासारख्या वर्गाच्या फरशा रंगवल्या. रंग वर्षभरात उडाला. पोरांना गटात बसवून, त्यांच्या हातात वस्तू देऊन, आपण गप्प बसायचं असतं, हे रंगासारखं डब्यात मिळत नाही. गप्प बसणं आम्हा मास्तरांना फार जड जातं. मला आत्ताही जमत नाहीये.

हजेरीचं एक सांगतो. दिवाळीनंतर पट तोच, हजेरी निम्मी. ऊसतोडीला गेलेली घरं. साहेब जानेवारीत येणार आणि 'उपस्थिती कमी' लिहिणार. ती कमी का, हे गावाला विचारा. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक ठेवलेत आणि निम्म्या बाया. आपण त्यांना झेंडावंदनाला बोलावतो आणि ठरावावर अंगठा घेतो. एका वस्तीवर समितीच्या अध्यक्ष बाई मला म्हणाल्या, 'सायेब, वहीत काय लिवलंय ते मोठ्यानं वाचा.' मी वाचलं. त्यांनी विचारलं, 'ह्यातलं गेल्या वर्षीचं किती झालं?' मागचं पान उलटून पाहिलं, तर गेल्या वर्षीचा शेरा शब्दन् शब्द तोच. बैठकीत कुणी बोलेना. मग आजीजवळ कुठली पोरं राहू शकतील, कुणासाठी हंगामी वसतिगृह मागायचं, याची यादी त्या बायांनीच तासाभरात केली. घरं त्यांच्या तोंडपाठ होती.

तर आज मी मुद्दाम प्रत्येकाला शेरेबुक आणायला सांगितलं होतं. शेवटचे दोन शेरे उघडा. शेजारच्या शाळेशी वही बदला, स्वतःची वाचू नका. पहिल्या शेऱ्यातलं काय दुसऱ्या शेऱ्यात राहिलं नाही, तेवढं पेन्सिलीनं लिहा. कोरं राहिलं तर कोरं राहू द्या. आणि माझ्या सहीचे शेरे सापडले तर ते मोठ्यानं वाचा, मी इथंच बसलोय. चहा जागेवर येईल.