ओटा तोच, दुकान दुसरं

(दृश्य: इंदूरचा सराफा, रात्र. शटर खाली येतंय.)

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीची दुकानं मिटतात. कुलूप लागलं की त्याच ओट्यावर कढई चढते. कुणी भुट्ट्याचा कीस मांडतं, थंडीत कुणी गराडू नावाचा कंद तळतं. गिऱ्हाईक नवा पत्ता विचारत नाही.

(दृश्य: रामबाग. औषधांच्या एका ठोक व्यापाऱ्याचं ऑफिस.)

जिन्याखालच्या खोलीत दोन सर्व्हर. बिलं, साठा, उधारी सगळं पहिल्यावर. दुसरा क्षणोक्षणी त्याची नक्कल उतरवून घेतो. काउंटरवरच्या संगणकांना दोघांचीही ओळख नाही. त्यांना ठाऊक असतो फक्त एक आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा घर नंबर, आणि तो कुणा एकाच्या नावावर नाही. कारभार ज्याच्याकडे, पत्ता त्याचा. सराफ्यातल्या ओट्यासारखा.

पहिला सतत हाक देत असतो. व्हीआरआरपी नावाच्या नेहमीच्या पद्धतीत दर सेकंदाला एक. साधारण तीन हाका चुकल्या की दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो आणि नेटवर्कभर ओरडून सांगतो, यापुढे माझ्याकडे या.

इथवर सोपं आहे. पण हाक आली नाही म्हणजे पहिला मेला, की नुसती मधली केबल निसटली?

केबल निसटली असेल तर पहिला ठणठणीत आहे, बिलं फाडतोच आहे. इकडे दुसऱ्यानंही दुकान उघडलं. एक ओटा, दोन गल्ले, दोन वह्या. याला स्प्लिट-ब्रेन म्हणतात, आणि सर्व्हर सांभाळणारी माणसं बंद पडलेल्या यंत्रापेक्षा याला जास्त भितात.

21 ऑक्टोबर 2018. गिटहब म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी वेबसाइट. तिच्या अमेरिकेतल्या पूर्व किनाऱ्यावरच्या जाळ्यात देखभालीचं काम चालू असताना जोडणी तुटली. फक्त 43 सेकंद. पण तेवढ्यात स्वयंचलित यंत्रणेनं डेटाबेसचा कारभार पश्चिम किनाऱ्यावर हलवला. पूर्वेच्या काही ताज्या नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या, आणि तिकडे नव्या नोंदी पडू लागल्या. निस्तरायला 24 तास 11 मिनिटं लागली. यंत्रणा बिघडली नव्हती, हेच खरं दुखणं. तिनं सांगितलेलं काम चोख केलं होतं.

म्हणून तिसरा साक्षीदार ठेवतात. तिघांत दोघांचं जमलं तरच कारभार हलतो. आणि हलण्याआधी पहिल्याची वीज दुरूनच तोडतात, तो जिवंत असला तरी. शटर पडल्याशिवाय कढई चढवायची नाही.

पाळत ठेवणाऱ्या यंत्राचं काय? एका ऑफिसात आम्ही ते सर्व्हरच्याच यूपीएसवर लावलेलं पाहिलं. यूपीएस बसला, दोन्ही एकदम गप्प. एसएमएस आला नाही, म्हणून सगळे निवांत झोपले.

(दृश्य: रविवार सकाळ. टेबलावर पोहे-जलेबी. स्क्रीनवर पिंग, म्हणजे त्या पत्त्याला पुन्हापुन्हा विचारणं, आहेस का?)

आज रंगीत तालीम. रात्रपाळीचा पोरगा पहिल्या सर्व्हरच्या मागे हात घालून बसलाय.

"दादा, ओढू?"

"ओढ."

स्क्रीनवर उत्तरं थांबतात. रिक्वेस्ट टाइम्ड आउट. पुन्हा तेच. पोह्यांचा चमचा हवेत. पहिल्याची वीज तुटल्याची खात्री होईपर्यंत दुसरा थांबलाय. तिसरी ओळ. चौथी. पाचवी. सहाव्या ओळीला उत्तर येतं.

काउंटरवरून आवाज येतो, "अहो, माझं अर्धं भरलेलं बिल गेलं की!"

दादा वहीत टिपून घेतो. नोंद पक्की होण्याआधीचं जे असतं, ते असंच जातं. बिल पुन्हा भरायचं.

पोरगा वायर परत खोचतो. पहिला उठतो, पण गादी त्याला लगेच मिळत नाही. दुसऱ्याच्या वहीत मधल्या वेळात जे लिहिलं गेलं, ते तो आता खाली मान घालून उतरवून घेतोय. दादा पोह्यांवर शेव घालतो.