शेतीच्या परिणामांची मोजदाद कोणाला विचारून करायची?

मित्रहो, एखाद्या गावाजवळ खाण, औष्णिक वीजकेंद्र किंवा मोठे धरण व्हायचे असेल, तर केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार त्याच्या पर्यावरणीय परिणामांचा अहवाल द्यावा लागतो आणि बहुतेक वेळा जनसुनावणीही घ्यावी लागते. शेतीला असे काही लागत नाही, आणि लागू नये हेही खरे आहे. पेरणीसाठी शेतकऱ्याने परवान्याच्या रांगेत उभे राहावे, असे मी कधीच म्हणणार नाही. पण गेल्या काही दशकांत विदर्भातली पीकरचना बदलली, तो बदल एखाद्या धरणापेक्षा लहान नव्हता. ज्वारी मागे सरली, सोयाबीन आले, २००२ नंतर बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारे जनुक घातलेला कापूस, आला. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्याअभावी जनावरे विकली गेली, जनावरांबरोबर शेणखत गेले, आणि आता काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब घटला म्हणून आपण चिंता करतो. या साखळीचा हिशेब गावात कोणी मांडला नाही, कारण आपण मोजतो ते एकरी क्विंटल.

माझे म्हणणे असे की, हा हिशेब ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्यापासून सुरू करू नये. ज्याच्या अंगावर परिणाम पडतो, त्याच्यापासून सुरू करावा.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाली. त्यांत रोजाने फवारणारे शेतमजूर मोठ्या संख्येने होते. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडे, डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे वर धरलेल्या नोझलचा फवारा तोंडावर येत होता. हे मृत्यू नोंदले गेले. परंतु फवारणीनंतर ज्याचे डोळे चुरचुरले, ज्याला रात्रभर ओकाऱ्या झाल्या आणि जो दुसऱ्या दिवशीचा रोज बुडवून घरीच पडून राहिला, त्याची नोंद प्राथमिक आरोग्य केंद्रात सापडत नाही, कारण तो तिथे गेलेलाच नसतो. त्याच्यापर्यंत पोचायचे तर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात मजुरांच्या वस्तीत संध्याकाळी जाऊन बसावे लागेल आणि किती रोज बुडाले हे विचारावे लागेल.

तणनाशकाचेही असेच आहे. निंदणाचा खर्च वाचतो आणि ऐन हंगामात मजूर मिळत नाहीत, ही शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. पण वाचलेला तो खर्च म्हणजे निंदणाला जाणाऱ्या बायांची आषाढ-श्रावणातली मजुरी असते. शिवाय निंदता निंदता ओच्यात जमा होणारी चिवळ, तरोटा, कुंजर ही त्या घरची पावसाळ्यातली भाजी. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, औषध मारले की भाजी पिवळी पडते, आणि जी हिरवी दिसते ती खुडायलाही बाई कचरते. ताटातून गेलेल्या या भाजीसाठी कुठल्याही सर्वेक्षणाच्या अर्जात रकाना नाही, याचे मला फार वाईट वाटते.

एकच प्रश्नावली साऱ्या विदर्भाला चालणार नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे, तेव्हा तिथे विहिरीच्या पातळीइतकीच पाण्याच्या खारेपणाची नोंद महत्त्वाची. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात मालगुजारी तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले गावतलाव, आहेत. धानाच्या बांध्यांतला (खाचरांतला) युरिया आणि कीटकनाशक तलावात उतरते का, हे पाहताना पाण्याच्या नमुन्यासोबत मासे धरणाऱ्या ढीवरांनाही विचारावे, कारण कोणती मासळी कमी झाली हे त्यांना जाळ्यावरून कळते.

हे काम बाहेरच्या संस्थेने एकदा येऊन करण्यासारखे नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाने अभ्यासगट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेऊन दाखवले आहेत. कापसाच्या गावांनाही ते जमू शकते. आपल्या कायद्यात ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. अनेक ठिकाणी ती कागदावरच उरकली जाते. १ मेच्या ग्रामसभेआधी ती सभा खरोखर भरवावी, बुडालेले रोज, गेलेली मजुरी, विहिरींचे पाणी आणि धुऱ्यावरची भाजी यांची वर्षभराची नोंद तिथे वाचली जावी, आणि बियाणे-औषधांची खरेदी व्हायच्या आत ती ग्रामसभेपुढे ठेवावी.